शोधनिबंधांची बंद आणि उघडी दारे

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या लहानशा देशात इबोलाची साथ पसरली. हा रोग मध्य आफ्रिकेतील अरण्यांच्या आसपासचा. आपल्या भूमीशी त्याचा काही संबंध नाही, अशीच तेथील आरोग्यखात्याची समजूत होती आणि बाहेरच्या तज्ज्ञांपैकी बहुतेकांनाही तसेच वाटत होते. त्यामुळे पहिले रुग्ण इस्पितळांत आले तेव्हा त्यांची शुश्रूषा नेहमीच्या तापाच्या रोग्याप्रमाणेच झाली, आणि ती करणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांनाही या रोगाने गाठले. गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया या तीन देशांत मिळून ११ हजारांहून अधिक माणसे दगावली.

साथ ओसरू लागल्यावर, एप्रिल २०१५ मध्ये, लायबेरियाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात एक लेख लिहिला. जुने वैद्यकीय वाङ्मय धुंडाळताना त्यांना १९८२ सालचा एक निबंध आढळला होता. काही जर्मन संशोधकांनी लायबेरियातील लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले होते आणि त्यांतील काहींमध्ये इबोलाशी झगडून गेल्याच्या खुणा त्यांना दिसल्या होत्या. हा रोग जेथे वास करतो त्या प्रदेशांत लायबेरियाचीही गणना करावी लागेल, असा स्वच्छ निष्कर्ष त्यांनी काढला होता. म्हणजे साथीपूर्वी ३२ वर्षे इशारा छापला गेला होता. परंतु तो छापला गेला युरोपातील एका नियतकालिकात. त्यावर लायबेरियातील एकाही संशोधकाचे नाव नव्हते. डान यांनी लेखात आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. अशा एका निबंधाची प्रत इंटरनेटवरून घ्यावयाची तर २०१५ सालीही तिला ४५ डॉलर पडत, आणि लायबेरियातील डॉक्टरच्या दृष्टीने ही अर्ध्या आठवड्याची कमाई होती.

तो निबंध वेळेवर वाचला गेला असता तर साथ टळलीच असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. निबंध दूर राहिला तो केवळ किमतीमुळे नव्हे; ज्यांचे रक्त तपासले त्यांना निष्कर्ष कळवावा, हेही कोणाला सुचले नाही. तथापि संशयित रोग्याला वेगळे ठेवणे, हातमोजे घालणे एवढी सावधगिरी तरी घेतली गेली असती, आणि इबोलाच्या बाबतीत एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

शोधनिबंध म्हणजे विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेली रूक्ष कागदपत्रे, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. पण मधुमेहाचे नवे औषध घ्यावे की नाही या विवंचनेत असलेला इंदूरचा रोगी, कपाशीवरील बोंडअळीने हैराण झालेला विदर्भातला शेतकरी, धरणाच्या प्रश्नावर अर्ज लिहिणारा वकील, तंजावरच्या मोडी कागदांचा अभ्यास आरंभणारा निवृत्त शिक्षक, अशा कितीतरी माणसांना आयुष्यात केव्हातरी या कागदांची गरज लागते. नाव शोधून काढले की पडद्यावर निबंधाचा सारांश दिसतो, आणि त्याखाली तीस किंवा चाळीस डॉलरांची मागणी. बहुतेक माणसे तेथूनच परततात. त्यांना ठाऊक नसते ते हे, की त्याच निबंधाची दुसरी एखादी प्रत पुष्कळदा अन्यत्र अगदी कायदेशीरपणे आणि विनामूल्य पडलेली असते.

ही विचित्र स्थिती समजण्यासाठी या व्यवहाराची रचना पाहिली पाहिजे. कादंबरीकाराला पुस्तकाचे मानधन मिळते. शोधनिबंधाच्या लेखकाला नियतकालिक एक पैसाही देत नाही. त्याचा पगार विद्यापीठ किंवा सरकारी प्रयोगशाळा देते. निबंध छापण्याजोगा आहे की नाही हे ठरवण्यासाठी तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे धाडला जातो. तेही हे काम बिनमोबदला करतात. मग प्रकाशनसंस्था तो छापते, लेखकाकडून बहुधा त्याचा प्रताधिकार लिहून घेते, आणि ज्या विद्यापीठाच्या पगारावर तो लिहिला गेला त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी आकारून परत विकते. घरच्याच विहिरीचे पाणी घागरीच्या हिशोबाने विकत घेण्यासारखा हा प्रकार आहे. प्रकाशकांचे काम फुकट होते असे मात्र नव्हे. संपादन, जुळणी, जुन्या अंकांचे जतन, खोट्या निबंधांचा बंदोबस्त यांना खर्च येतो. वाद आहे तो खर्चाविषयी नसून खर्च आणि किंमत यांतील अंतराविषयी. एल्सेव्हिअर या सुप्रसिद्ध प्रकाशनसंस्थेच्या मालक कंपनीच्या वार्षिक अहवालांत वैज्ञानिक प्रकाशनाच्या विभागाचा नफा अलीकडच्या वर्षांत उत्पन्नाच्या शेकडा ३५ हून अधिक दिसतो. असा धंदा जगात फार थोडा.

आरंभी तो धंदा नव्हता. १६६५ सालच्या जानेवारीत पॅरिसमध्ये आणि मार्चमध्ये लंडनमध्ये विद्वत्तेला वाहिलेली पहिली दोन नियतकालिके निघाली. लंडनचे नियतकालिक हेन्री ओल्डेनबर्ग या रॉयल सोसायटीच्या कार्यवाहाने चालवले. आपल्याकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १७८८ पासून आपले संशोधनखंड प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. विद्वत्सभांनी पदरमोड करून चालवलेली ही कामे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे विज्ञानावर मुक्तहस्ते खर्च करू लागली, निबंधांचा पूर लोटला, आणि या पुरात पैसा आहे हे ज्यांनी ओळखले त्यांत रॉबर्ट मॅक्सवेल अग्रभागी होता. १९५१ साली त्याने ताब्यात घेतलेली पर्गमॉन प्रेस पुढे शेकडो नियतकालिके काढू लागली आणि १९९१ साली ती एल्सेव्हिअरला विकली गेली. या व्यवहारातली मेख अशी की, एका नियतकालिकाऐवजी दुसरे स्वस्त घेऊन वाचकाचे भागत नाही. ज्याला अमुक निबंध हवा आहे त्याला तोच हवा असतो. किमती चढत गेल्या आणि ग्रंथालये आधी पुस्तके आणि मग नियतकालिकेही बंद करू लागली. एप्रिल २०१२ मध्ये खुद्द हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने कळवले की, या वर्गण्यांचा भार यापुढे सोसणे शक्य नाही. धनाढ्य हार्वर्डची ही तऱ्हा. मग आपल्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयाची काय कथा!

भारतातील संशोधकांना हा दुष्काळ नवा नाही. पहिले महायुद्ध चालू असता सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे दोन तरुण कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयात नव्याने शिकवू लागले होते. नवे पदार्थविज्ञान जर्मन भाषेत होते आणि युद्धामुळे जर्मनीची पुस्तके येणे बंद झालेले. तेव्हा युरोपातून येऊन बंगालमध्ये स्थायिक झालेले ब्रूल नावाचे एक प्राध्यापक त्यांच्या मदतीस आले. त्यांच्या खाजगी संग्रहात प्लांक, बोल्ट्झमान यांचे ग्रंथ होते; ते त्यांनी या दोघांना वाचावयास दिले. दोघे जर्मन शिकले. आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांचे सापेक्षतेवरील मूळ निबंध त्यांनी इंग्रजीत आणले आणि १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने ते भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे १९२४ साली डाक्क्याहून बोसांनी आपला लहानसा निबंध आइन्स्टाइनकडे पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः तो जर्मनमध्ये उतरवून छापवून आणला, आणि बोस हे नाव पदार्थविज्ञानात कायमचे राहिले. कपाटभर पुस्तके असलेला एक उदार मनुष्य शेजारी भेटला म्हणून हे साधले. ज्यांना असा ब्रूल भेटला नाही त्यांची नावे कोणाला ठाऊक असणार?

त्यानंतरच्या पिढ्यांनी निराळी युक्ती काढली. निबंध छापला की लेखकाला त्याच्या काही सुट्या प्रती मिळत. ज्याला निबंध हवा असे तो लेखकाला एक पोस्टकार्ड टाकी आणि लेखक स्वखर्चाने प्रत धाडी. जगभर अशा कार्डांची ये-जा चाले. परदेशाहून आलेल्या कार्डावरची तिकिटे प्राध्यापकांची मुले गोळा करीत. ज्ञान मागणाऱ्याला विन्मुख पाठवू नये हा विद्वानांचा जुना संकेतच या कार्डांमागे होता, आणि आजच्या साऱ्या चळवळीचे बीजही त्यातच आहे.

संगणक आल्यावर कार्डाची जागा यंत्राने घेतली. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत एक साधी सोय उभारली: निबंध छापून येण्यापूर्वीच लेखकाने त्याची प्रत एका संगणकावर ठेवावी आणि ज्याला पाहिजे त्याने ती न्यावी. ‘अर्काइव्ह’ या नावाने हा संग्रह पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेला. आज त्यात २० लाखांहून अधिक निबंध आहेत. गणित, पदार्थविज्ञान, ज्योतिर्विज्ञान आणि संगणकशास्त्र या विषयांत तर आधी तेथे पाहावे आणि मग इतरत्र, अशी रीतच पडली आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाने शंभर वर्षे अडलेल्या प्वांकारे यांच्या कूटप्रश्नाची उकल लिहिली, ती याच संग्रहात ठेवली, आणि कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवण्याची तसदी घेतली नाही. जगातल्या गणितज्ञांनी ती तेथेच वाचली, तपासली आणि मान्य केली.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, बुडापेस्ट येथे जमलेल्या काही विद्वानांचे आवाहन प्रसिद्ध झाले आणि या विचाराला ‘मुक्त प्रवेश’ हे नाव मिळाले. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. निबंध कोठेही छापला जावो, त्याची एक प्रत लेखकाने सार्वजनिक संग्रहात ठेवावी, ही एक वाट. वाचकाकडून काहीच न घेणारी नवी नियतकालिके काढावीत, ही दुसरी. पहिल्या वाटेवरचे आपल्याकडील आद्य पाऊल बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच टाकले. आपल्या संशोधकांच्या निबंधांसाठी तिने स्वतःचा खुला संग्रह सुरू केला. दुसऱ्या वाटेवर मुंबईचे नाव आदराने घ्यावे लागते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचे व सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यापक १९५५ पासून एक वैद्यकीय नियतकालिक चालवीत आले आहेत. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी मेडनो या मुंबईच्याच लहानशा प्रकाशनसंस्थेने ते आणि त्यासारखी अनेक नियतकालिके इंटरनेटवर खुली केली. वाचकाकडून पैसे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी ज्याला परवडेल त्याने भरावी. फुकट मिळू लागल्यावर छापील अंक कोण घेणार, अशी शंका शहाण्यांनी काढलीच होती. पण खप घटला नाही. नाव सर्वत्र झाल्यामुळे मागणी वाढली, असाच त्या प्रकाशकाचा अनुभव होता. २०११ साली वोल्टर्स क्लुवर या परदेशी संस्थेने मेडनो विकत घेतली.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकेही तिच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यांतील १९९६ साली सुरू झालेले ‘रेझोनन्स’ तर मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी आहे. महाविद्यालयात शिकणारी मुले ज्या घरात आहेत त्या घराने त्याची ओळख करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळावे. हाताशी निबंधाचे नाव आहे असे धरू. पहिली चूक होते ती प्रकाशकाच्या दारी थांबण्याची. निबंधाचे संपूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून ‘गूगल स्कॉलर’ या शोधयंत्रात टाकावे. २००४ साली सुरू झालेल्या या यंत्राच्या दोन निर्मात्यांपैकी अनुराग आचार्य हे खरगपूरच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. उत्तरादाखल निबंधाचे नाव येते. उजव्या बाजूस पी.डी.एफ. असा दुवा असेल तर काम झाले. तो नसेल तर नावाखालच्या ओळीत ‘सर्व आवृत्त्या’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. ते दाबले की त्या निबंधाच्या जगभर विखुरलेल्या प्रतींची यादी उघडते. एखादी लेखकाच्या विद्यापीठात, एखादी त्याच्या स्वतःच्या पानावर, एखादी सरकारी संग्रहात. पुष्कळांची नजर त्या बारीक अक्षरांवर कधी पडतच नाही.

दुसरे साधन ‘अनपेवॉल’ हे होय. संगणकावरील ब्राउझरला हे जोडून ठेवले की, निबंधाच्या पानावर एका बाजूस कुलुपाचे लहानसे चित्र येते. कोठेतरी कायदेशीर खुली प्रत असेल तर कुलूप हिरवे होऊन उघडे दिसते आणि दाबताच वाचक त्या प्रतीपाशी पोचतो. अशा सुमारे पाच कोटी प्रतींचा ठावठिकाणा या साधनास ठाऊक आहे. त्याला निबंध ओळखावयास लागतो तो त्याचा डी.ओ.आय. क्रमांक, निबंधाच्या पहिल्या पानावर दहाच्या आकड्याने सुरू होणारी ही लांबलचक खूण असते. शोध घेताना ती टिपून ठेवावी, कारण शीर्षके सारखी असू शकतात, ही खूण मात्र एकाच निबंधाची असते.

वैद्यकाच्या बाबतीत अमेरिकन सरकारचे ‘पबमेड सेंट्रल’ हे भांडार सर्वांत उपयोगी. २००० साली ते उघडले. सरकारी पैशाने झालेल्या वैद्यकीय संशोधनाचे निबंध तेथे ठेवलेच पाहिजेत असा नियम २००८ पासून आला, तेव्हा प्रकाशकांना बारा महिन्यांची सवलत होती. १ जुलै २०२५ पासून तीही काढून घेण्यात आली. तेथील निबंधांची संख्या एक कोटीवर गेली आहे. भारताच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान या दोन खात्यांनीही डिसेंबर २०१४ मध्ये तशा अर्थाचे धोरण जाहीर केले होते. परंतु आपल्याकडे ते कागदावर जितके ठसठशीत आहे तितके व्यवहारात उतरले नाही.

निबंध हाती येतच नसेल तर त्याचे मूळ शोधावे. पुष्कळ निबंध पीएच.डी.च्या प्रबंधातून काढलेले असतात आणि प्रबंधात तोच मजकूर अधिक ऐसपैस असतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’ संग्रहात भारतीय विद्यापीठांतील पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, त्यांत मराठीतील प्रबंधही भरपूर. दर्जा सारखा नाही, हे उघड आहे. काही प्रबंध रत्ने आहेत आणि काही नुसती भर. पण शेवटची संदर्भसूची तरी बहुधा कामास येते.

इतिहास व प्राच्यविद्या यांच्या अभ्यासकाला वेगळी दारे ठोठवावी लागतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे इंग्रजी नियतकालिक अमेरिकेतील ‘जेस्टोर’ या संग्रहात आहे. म्हणजे पुण्याचा वाचक पुण्याचेच नियतकालिक न्यूयॉर्कच्या मार्गाने वाचतो! नाव नोंदवले की या संग्रहातील काही निबंध दरमहा पडद्यावर विनामूल्य वाचता येतात, आणि फार जुने निबंध तर २०११ पासून नोंदणीवाचूनही खुले आहेत. जुन्या ग्रंथांची गोष्ट याहून सोपी आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. त्यांनी १८९८ पासून काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड आता कोणाच्या मालकीचे उरले नाहीत आणि ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ग्रंथसंग्रहात पाहावयास मिळतात. दप्तरे दाखवावयास नाखूष असलेल्या घरांचे उंबरठे झिजवून ज्याने हे कागद मिळवले, त्याचे खंड तरी आज कोणाच्या कडीकुलपात नाहीत.

खुली प्रत हाती आली म्हणजे ती कोणत्या अवस्थेतील आहे हे पाहण्याची दक्षता घ्यावी. एकाच निबंधाची तीन रूपे असतात: परीक्षणाला जाण्यापूर्वीचे, परीक्षण होऊन स्वीकारले गेलेले, आणि प्रकाशकाने जुळवून छापलेले. शेवटच्या दोहोंत बहुधा पानांचे आकडे व मांडणी यांचाच फरक असतो. पहिल्या रूपावर मात्र परक्या जाणकाराची नजर पडलेली नसते. २०२० सालच्या महामारीत अशा कच्च्या निबंधांवरून वृत्तपत्रांनी मोठमोठे मथळे दिले आणि त्यांतील काही निबंध पुढे मागे घ्यावे लागले. गणितात कच्ची प्रत चालेल. औषध घेण्यापूर्वी चालणार नाही.

या खुलेपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाचकाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत तर लेखकाकडून घ्यावेत, ही युक्ती मोठ्या प्रकाशकांना लवकरच सुचली. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात निबंध खुला ठेवण्याचे शुल्क २०२१ साली ९,५०० युरो होते, म्हणजे त्या वेळचे आठ लाख रुपयांहून अधिक. पूर्वी गरीब देशातील मनुष्य वाचू शकत नव्हता, आता त्याला लिहिणे परवडत नाही. शिवाय शुल्क मिळते एवढ्याच कारणासाठी वाटेल ते छापणारी बोगस नियतकालिकेही उगवली, आणि त्यांत भारतीय पत्ते कमी नाहीत. नियतकालिक खुले आहे एवढ्यावरून ते विश्वसनीय ठरत नाही. त्याची पडताळणी करण्यासाठी ‘डी.ओ.ए.जे.’ या नावाची सूची आहे; स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेल्या या सूचीत पारखून घेतलेली २० हजारांवर नियतकालिके नोंदलेली आहेत. त्यांतील पुष्कळशी लेखकाकडूनही काही घेत नाहीत.

कायद्याच्या पलीकडची वाटही आहे, आणि तिचे नाव न घेतल्याने ती नाहीशी होत नाही. कझाकस्तानच्या अलेक्सांद्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ साली ‘साय-हब’ हे स्थळ उघडले आणि प्रकाशकांच्या कोट्यवधी निबंधांच्या प्रती त्यावर सर्वांस खुल्या केल्या. भारतीय विद्यार्थ्यांनी तिचा मुबलक वापर केला. डिसेंबर २०२० मध्ये तीन परदेशी प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते स्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. अमेरिकेत याच प्रश्नावर आरन स्वार्ट्झ या बुद्धिमान तरुणावर ‘जेस्टोर’मधील लाखो निबंध उतरवून घेतल्याबद्दल खटला भरला होता, तो चालू असतानाच जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले. चोरी ती चोरीच, असे म्हणून हा विषय मिटवता येतो. पण ज्या पेढीला लाखो सुशिक्षित, एरवी सरळमार्गी माणसे लुटू पाहतात, त्या पेढीच्या दरपत्रकाकडेही एकदा पाहावे लागते.

भारत सरकारने या प्रश्नावर काढलेला तोडगा ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेत आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने तिला संमती दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्थांना व प्रयोगशाळांना उपलब्ध करावयाची, आणि १ कोटी ८० लाख विद्यार्थी व संशोधकांना त्यांचा लाभ द्यावयाचा, असे तिचे स्वरूप जाहीर झाले. गडचिरोलीतील सरकारी महाविद्यालयाला मुंबईच्या आय.आय.टी.इतकेच वाचावयास मिळावे, हा विचार खरोखर मोठा आहे. उणीव तिच्या नावातच दडलेली आहे. वर्गणी एका राष्ट्राची. पण राष्ट्रातील जो नागरिक अशा संस्थेत शिकत वा शिकवत नाही, तो बाहेरच राहिला. खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, पत्रकार, वकील, शेतकरी, निवृत्त शिक्षक यांना आपल्याच करातून घेतलेली ही नियतकालिके घरबसल्या उघडत नाहीत. ज्यांचे मूल, भाचा किंवा पुतणी सरकारी महाविद्यालयात आहे त्यांनी तिला आधी एवढेच विचारावे की, या योजनेत तिने नाव नोंदवले आहे काय. कित्येक विद्यार्थ्यांना आपल्या महाविद्यालयाला हा अधिकार मिळाला आहे याची वार्ताच नसते, आणि ग्रंथपालांना कोणी विचारीत नाही.

सर्व उपाय थकले तरी पोस्टकार्डाचा जुना मार्ग शिल्लक आहे, फक्त कार्डाऐवजी आता ई-मेल. निबंधाच्या पहिल्या पानावर, आणि बहुधा सारांशाखालीही, पत्रव्यवहार कोणत्या लेखकाशी करावा हे दिलेले असते. बहुतेक प्रकाशकांच्या नियमांत लेखकाने मागणाऱ्याला खाजगी वाचनासाठी एक प्रत पाठवण्यास मुभा आहे, आणि लेखकाला त्यात आनंदच असतो. आपले लिखाण परीक्षकांखेरीज दुसऱ्या कोणी वाचू इच्छिते हे कळण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात फार येत नाहीत. पत्र चार ओळींचे पुरे. निबंधाचे पूर्ण नाव व वर्ष, आपण कोण, तो कशासाठी हवा, आणि आगाऊ आभार. फार स्तुती करू नये, आपली सगळी कहाणी सांगू नये, व एकाच पत्रात दहा निबंध मागू नयेत. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर निबंधावरील दुसऱ्या नावाला लिहावे. विज्ञानाच्या बहुतेक शाखांत पहिले नाव प्रत्यक्ष राबलेल्या तरुण संशोधकाचे असते. प्रमुखांपेक्षा त्याचे उत्तर लवकर येते.